बकुळीची बैठक

रविवार, ५ डिसेंबर १९८२

मला स्वतःची खोली मिळाली! खिडकीला पडदा आहे, दाराला आतून कडी आहे आणि टेबलाखाली पाय लांब करता येतात. घाटकोपरला मामाकडे वही उघडली की कुणाचं तरी कोपर पानावर यायचं. आता मी रोज लिहिणार.

जयवंतमामा सोडायला आला होता. गिरणीचा संप सुरू झाल्यापासून त्याचं दाढीकडेही लक्ष नसतं, पण आज इस्त्रीचा सदरा घालून आला. ही नोकरीची जाहिरात शेजारच्या वसुधाताईंनी मामाला वाचून दाखवली होती, कारण त्याला वाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा उठवतो. ‘मुलुंड येथे चित्रकाराच्या अपंग मुलीच्या देखभालीसाठी सुशिक्षित बाई हवी, राहून-जेवून.’ मी कणकवलीला बालवाडी चालवलेली. आई आधीच गेली होती, बाबा गेल्यावर मामाकडे आले. माझ्यामुळे मामीचा पिठाचा डबा लवकर तळाला जातो हे न कळण्याइतकी मी काही लहान नाही. सव्वीस वर्षांची घोडी आहे.

मुलुंडच्या पाच रस्त्यावरून डोंगराच्या अंगाला चालत आलं की हे बैठं कौलारू घर. दोन्ही बाजूंना बिल्डिंगांचे बांबू उभे राहिलेत, मध्ये हे एकटंच हिरवं. मालकांचं नाव नंदकुमार कारखानीस, पण सगळे भाऊच म्हणतात. सत्तरी गाठलेली, केस पांढरेशुभ्र, आवाज इतका मऊ की कान पुढे करावा लागतो. चित्रकार असून नखांत रंगाचा कण नाही. मामाला त्यांनी स्वतः चहा आणून दिला. मामा निघताना कानात म्हणाला, “देवमाणूस आसा गो बाय. हयच ऱ्हव.”

मुलगी माणिक माझ्याहून थोडी मोठी. मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून असते, तिथून घराच्या कडेने फाटक दिसतं. लहानपणीच पाय गेले, असं भाऊ म्हणाले, आणि बोलणंही जवळजवळ नाहीच. दिसायला फार सुरेख. दुकानात साडी बघावी तसं तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

आणि आता खरी गंमत! संध्याकाळी बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात मला काय दिसावं? ‘बसली बकुळी’! मी किंचाळलेच. माझं पुस्तक! बाबांनी शाळेच्या पेटीतून आणलेलं, मी पाठ केलेलं, उशाखाली घेऊन झोपलेलं. त्याच्यावर चित्रकाराचं नाव नुसतं ‘नं. का.’ होतं. ते नं. का. माझ्यासमोर उभे राहून हसत होते.

मंगळवार, ७ डिसेंबर

भाऊंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांनी उघडलं आणि पहिलं पान न बघताच तोंडपाठ म्हटलं.

बकुळी ही दिवसभर धावणारी पोर. ती आली की पाखरं उडून जातात. मग एक दिवस ती अंगणात खुर्चीवर बसते आणि हलतच नाही.

बकुळी बसली, हलली नाही,
चिमणी आली, भ्याली नाही.

चिमणी हातावर बसते, खार मांडीवर येते, बुलबुल केसांत घरटं करतो. आई जेवायला हाक मारते, पण घरट्यात अंडी आहेत, बकुळी कशी उठणार? शेवटच्या पानावर तिचं झाड झालेलं असतं, फुलांनी भरलेलं, आणि सगळा गाव तिच्या सावलीत बसलेला. मी लहानपणी पायरीवर अशीच बसायचे. चिमणी काही आली नाही. आली ती आई, धपाटा घालायला.

भाऊ म्हणाले, बकुळी म्हणजे माणिकच. सात वर्षांची होती. तिला समोर बसवून सगळी चित्रं काढली. म्हणजे आज सकाळी मी ज्यांना तेल लावलं ते केस बकुळीचे! मामीला सांगितलं तर म्हणेल, पोरगी खुळावली.

सोमवार, १३ डिसेंबर

काम अवघड नाही. माणिकची आंघोळ, वेणी, जेवण, मग तिला खुर्चीत बसवणं. खुर्चीचं तोंड भाऊंच्या चित्रांच्या टेबलाकडेच हवं. जेवणानंतर दोन चमचे काळपट औषध. नसांचं आहे म्हणे. वास घेतला तरी जीभ कडू होते. माणिक न बोलता पिते आणि तासाभरात तिचे डोळे काचेचे होतात.

स्वयंपाकाला सुंदराबाई येतात, सकाळपासून दुपारपर्यंत. फार जुन्या. त्यांना म्हटलं, माणिकताईंचे पाय तर चांगले भरलेले दिसतात. त्या म्हणाल्या, “बाई, मी पोळ्या करते.” बस्स.

काल महिला मंडळाच्या बायका भाऊंना नारळ-शाल द्यायला आल्या. त्यांनी माणिकला लांबूनच बघितलं आणि डोळ्यांना पदर लावले. एकीने भाऊंच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढं दुःख आणि तरी मुलांसाठी इतकं गोड पुस्तक, म्हणाली. मलाही भरून आलं.

एक मात्र चमत्कारिक. आज तिचे पाय धुताना तळवे बघितले. कडक. टाचांना भेगा, भेगांत माती. चालणाऱ्या माणसाचे असतात तसे.

रविवार, १९ डिसेंबर

दुपारी सवडीने पुन्हा पुस्तक घेऊन बसले. लहानपणी मी पाखरंच बघत होते. आज पाखरं सोडून बाकीचं बघितलं.

चिमणीच्या पायाला दोरा आहे. बारीक, राखाडी, बकुळीच्या तर्जनीला गुंडाळलेला. खुर्चीच्या पायाशी पाचोळा काढलाय, त्या पाचोळ्यात बकुळीच्या घोट्यावर पांढरी पट्टी दिसते. मी तो चांदीचा वाळा समजत होते. बाबांनीसुद्धा बोट ठेवून “बघ, वाळा” म्हणून दाखवला होता. आणि तिचं तोंड... मला वाटायचं ती हसतेय. हसत नाहीये. दात आवळलेत तिने.

व्हरांड्यात जाऊन माणिकचा हात बघितला. तर्जनीला खोल वळ आहे, अंगठी काढल्यावर राहतो तसा, पण कायमचा.

भाऊंना सरळ विचारलं. ते जराही बिचकले नाहीत. म्हणाले, समोर असतं तेच मी काढतो. मनाने काढलेलं मुलांना लगेच कळतं. चिमणी उडू नये म्हणून दोरा, पोर पडू नये म्हणून पट्टी. सगळे चित्रकार करतात. मला ते पटलं. पटलं म्हणजे, एवढ्या मऊ आवाजात सांगितल्यावर पटवून न घेणं उद्धटपणाचं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, माझ्यासाठी बसशील का? दुसरा भाग करताहेत, ‘बकुळीची सावली’. झाडाखाली एक बाई येऊन बसते आणि लिहीत राहते. मी वही लिहिताना त्यांनी खिडकीतून बघितलं होतं, मान अशीच हवी म्हणाले.

मी! त्या पुस्तकात! पट्टीचं-दोऱ्याचं सगळं क्षणात डोक्यातून गेलं.

गुरुवार, २३ डिसेंबर

रोज बैठक चालू आहे. मागच्या व्हरांड्यात, उत्तरेच्या उजेडात, माणिकच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची. मान खाली, डावा हात मांडीवर उघडा, उजव्या हातात पेन. लिहिण्याचं सोंग करायला कंटाळा आला म्हणून विचारलं, खरंच वही लिहू का? म्हणाले, लिही की. “काय लिहितेस ते मी वाचत नाही. मला हात हवा.” म्हणून हे इथेच बसून लिहिते आहे.

बसून मुंग्या येतात. भाऊ मला बदामाचं दूध देतात. माणिकच्या हातात पेला देतात, ती तो माझ्यापुढे धरते. तिला तेवढं तरी करता येतं याचं मला बरं वाटतं.

गुरुवार, ३० डिसेंबर

आधी हे लिहून घेते.

भाऊ छापखान्याच्या कामाला वांद्र्याला गेले. सुंदराबाई लवकर गेल्या. मी बाजारात निघाले होते, पिशवी विसरले म्हणून परत फिरले. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली माणिक उभी होती. टाचा उंच करून फांदी खाली ओढत होती.

मला बघून ती दचकलीसुद्धा नाही. पेरूचा लचका तोडत म्हणाली, “ओरडू नकोस. पलीकडच्या बिल्डिंगवरचे गवंडी बघतात.”

मी पायरीवर बसले. ती चालत आली, माझ्याशेजारी बसली आणि अर्धा पेरू मला दिला. मग बोलली. आवाज कमी वापरलेला, खरखरीत.

ती म्हणाली, “मी हलले की भाऊ चिमणीची मान पिरगळायचे. मला कधी बोटही लावलं नाही. रागवायचेसुद्धा नाहीत. दोन बोटांत धरायचे, टक्, आणि पिंजऱ्यातून दुसरी काढायचे. माझ्याच बोटाला बांधायचे. म्हणायचे, आता ही तुझ्यावर आहे हं माणकू.”

खार तर पिल्लू होतं. माणिकला शिंक आली होती.

पुस्तक संपल्यावर लोक बघायला यायला लागले. बकुळी कुठे आहे, बकुळी कुठे आहे. लोकांसमोर ती हलली की घरात पुन्हा पिंजरा यायचा. आई तेव्हा वारलेली. पुढे शाळेतून नाव काढलं, पाय गेले असं सांगितलं, आणि ते औषध सुरू झालं. आता पिंजरा लागतही नाही, म्हणाली. फाटकाची कडी वाजली की पाय आपोआप जातात.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल, घाटकोपरला जाऊ. ती म्हणाली, कुणी पुरुषमाणूस बरोबर असल्याशिवाय भाऊ सोडायचे नाहीत, आणून बसवतील परत. संक्रांतीनंतरच्या रविवारी मामा तिळगूळ घेऊन येणार आहे, हे मी तिला आंघोळ घालताना सांगितलं होतं. तिच्या ते लक्षात होतं. “तेव्हा जाऊ. तोवर तू बस. नाही बसलीस तर त्यांना संशय येईल.”

कडी वाजली. ती गेली. मी मागोमाग गेले तर खुर्चीत होती, डोळे काचेचे, पेरूची बी ओठाला चिकटलेली. मी ती पुसली.

सोमवार, ३ जानेवारी १९८३

ठरल्याप्रमाणे चाललंय. भाऊंसमोर मी हसते, बसते. औषध मी मोरीत ओतायचं ठरवलं होतं, पण माणिक म्हणाली, बाटली माझ्याकडेच दे, मीच बघते, तुझ्या हाताला वास येतो. दिली.

तिला रोज नवीन काही विचारायचं असतं. स्टेशनात तिकीट कसं काढतात? बाई एकटी राहिली तर लोक काय विचारतात? बालवाडीत काय शिकवतात? माझ्या साडीच्या निऱ्या कशा घालते ते तिने दोनदा करून घेतलं. सात वर्षांची असताना जग थांबलेलं तिचं. मी शिकवते. आपण कुणाला तरी सोडवतो आहोत असं वाटून मला झोपताना फार छान वाटतं. ते खोटं कशाला लिहू?

बैठकीनंतर उठताना तोल जातो. थंडी असेल.

रविवार, ९ जानेवारी

पाय जड. आज भाऊंनी हाताला धरून उठवलं.

पिंजरा आलाय. व्हरांड्यात टांगलाय, आत चिमण्या. भाऊ म्हणाले सावलीतल्या बाईच्या हातातही एक पाखरू हवं. मी माणिककडे बघितलं. तिने मान वळवली. माझ्यासाठी वाईट वाटलं असेल तिला.

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, दोरा नको. ते म्हणाले बरं, आज नको.

बुधवार, १२ जानेवारी

दुधाच्या तळाशी कडू.

तोच वास. जिभेवर ओळखला आणि तरी पेला संपला होता, कारण मी रोज घटाघटा पिते. बोटं तोंडात घालून ओकायला मोरीकडे निघाले तर उंबऱ्याशीच पडले. सुंदराबाई कणीक मळत होत्या. त्यांना हाक मारली, सांगितलं दुधात औषध घालताहेत, मला फाटकापर्यंत न्या, रिक्षात घाला. त्या म्हणाल्या, “माझ्या हाताला पीठ लागलंय.”

मग हात न धुताच मळत राहिल्या.

भाऊंनी उचलून आणलं. म्हातारा किती ताकदीचा आहे. घोट्यांना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या. मऊ आहेत, वळ उठत नाहीत, म्हणाले. मी ओरडले. दोन्ही बाजूंना बांधकामाचे हातोडे चालू होते.

रविवारी मामा येईल. चार दिवस. वहीत पान मोठ्या अक्षरांनी लिहून ठेवेन, तो ते वसुधाताईंकडून वाचून घेईल. मामा मला घेऊन जा.

रविवार, १६ जानेवारी, संध्याकाळ

आला होता. येऊन गेला.

सकाळी दूध दोनदा दिलं. जीभ लाकडाची. डोळे तेवढे माझे राहिले. घोट्यांवर टोपलीभर पाचोळा पसरला. चित्रातल्यासारखी.

कडी वाजली आणि मी बघितलं, माणिक उठली. भाऊंच्या समोर. माझी निळी साडी, माझ्यासारख्या निऱ्या, माझी वेणी. माझ्या कानाशी वाकली. गरम श्वास. म्हणाली, “दूध मीच ढवळत होते. भाऊ म्हणाले, दुसरी बसली तर तू ऊठ.”

मग दार उघडायला गेली.

मामाला पोहे दिले तिने. मी मुलगी, म्हणाली, औषधाने बरी झाले, तुमच्या अनुपमाच्या हाताला गुण आहे. मामाच्या डोळ्यांत पाणी. व्हरांड्यात आला, चपला काढून, देवळात येतात तसा. भाऊ म्हणाले रंग ओला आहे, ती हलणार नाही, पुस्तकात यायचं आहे तिला. मामा कुजबुजला, “उठा नको गो बाय, उठा नको. काम चलाँ दे.”

मी डोळे फिरवले. वहीकडे, मामाकडे, वहीकडे. तोंडातून आवाज आला, घरघर. मामा वाकला. पान बघितलं. तेच पान, केवढी मोठी अक्षरं. बोट फिरवलं त्याने अक्षरांवरून. म्हणाला, “अक्षर बापाशीसारखा. मोत्यांसारखा.”

डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. त्याला वाटलं आनंदाने. त्याने त्याच्या सदऱ्याच्या बाहीने माझे गाल पुसले. तिळगुळाची पुडी मांडीवर ठेवली.

माणिकने विचारलं, स्टेशनपर्यंत येऊ का तुमच्याबरोबर? मला रस्ता बघायचाय. मामा म्हणाला चल की पोरी. तिने माझ्या चपला घातल्या. माझी पिशवी घेतली. फाटकाची कडी वाजली आणि तिचे पाय बाहेर गेले. परत वळून बघितलं तिने, एकदाच, मी हलते का ते.

ती परत आलेली नाही.

बुधवार

भाऊंनी तिचं नावही काढलं नाही. तिची खुर्ची उचलून कोठीत ठेवली. माझी मध्ये आणली.

डाव्या तर्जनीला दोरा. चिमणी किती हलकी असते. तिचं अख्खं अंग धडधडतं.

शुक्रवार बहुतेक

पायात गोळा आला. मी पाय ओढला, मुद्दाम नाही, गोळाच—

टक्.

त्यांनी तिला पेपरात गुंडाळलं. दुसरी बांधली. “आता ही तुझ्यावर आहे हं.” आवाज तोच मऊ.

सुंदराबाई भरवतात. घास माझ्या तोंडाशी आणून दुसरीकडे बघतात.

तारीख माहीत नाही

महिला मंडळाच्या बायका आल्या. लांबून बघितलं. कोण ही? भाऊ म्हणाले, कोकणातली पोर, अनाथ, नसांचा आजार, माझ्याकडे ठेवून घेतली. पदर डोळ्यांना. एकीने माझ्यासमोर दहा रुपये ठेवले—

ओरडायचं होतं. चिमणी हातात होती. ही पिल्लू आहे, चोचीला अजून पिवळं—

मी गप्प बसले. चिमणीसाठी. आपणहून.

म्हणजे आता पट्टी नसली तरी—

नंतर

मामा पुन्हा शिमग्याला येईल. मामा येऊन काय—

पायाच्या पट्ट्या आज सोडल्या. फाटक समोर आहे. दोरा सोडवायला उजवा हात लागेल. दोऱ्याची गाठ बारीक, सुटेपर्यंत ते बघतील, आणि—

नाही उठले.

सकाळ

चेहरा झाला म्हणाले. निऱ्या झाल्या, पाचोळा झाला, पाखरू झालं. आज उजवा हात. पेन कागदाला टेकलेलं, थांबलेलं हवं. मी रंग कालवतो तोवर लिहून घे, काय उरलंय ते, म्हणाले.

पांढरा कालवला. तांबडा घालतायत. मी म्हटलं अजून एक ओळ. जीभ आज थोडी चालते. बरं म्हणाले. अनुपमा शिवराम परब, राहणार कणकवली, आईचं नाव वनमाला. मी बालवाडीत शिकवते. मला पेरू आवडतात. ब्रश धुतला. पूर्णविराम दे आता, म्हणाले. मी देणार नाही. हात हलतोय तोवर माझा आहे. मी लिहीत राहणार, काहीही, कणीक, कडी, बाबा, ते उठून आले, चिमणीची मान त्यांच्या दोन बोटांत आहे, ती माझ्याकडे बघतेय, पण मी लिहीत राहणार, लिहीत रा